वहिवाट आणि मौन

चीन अधूनमधून अरुणाचल प्रदेशातील गावांची, डोंगरांची आणि नद्यांची नवी नावे जाहीर करतो. २०१७ साली सहा, २०२१ साली पंधरा, २०२३ साली अकरा आणि २०२४ साली तीस नावे त्याने प्रसिद्ध केली. प्रत्येक वेळी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने चार ओळींचे निवेदन काढून ती फेटाळली. या निवेदनांची थट्टा करण्याची आपल्याकडे आता रीतच पडली आहे. नाव बदलल्याने जमीन जात नाही हे खरे. मग निषेधाच्या कागदाने ती राहते असे तरी कशावरून, असे सुशिक्षित माणसेही विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दिलेल्या निकालात सापडते. त्या खटल्यात प्रतिवादी भारत होता.

खटला दादरा आणि नगर हवेलीचा. गुजरात आणि महाराष्ट्र यांच्या सीमेवरचा हा मुलूख पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. पण समुद्रकाठच्या दमणपासून तुटलेला आणि भारतीय भूमीने वेढलेला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी आधी दादरा आणि मग नगर हवेली मुक्त केली. दमणहून कुमक पाठवायची तर पोर्तुगालला भारतातून वाट हवी होती. भारताने ती दिली नाही. पुढे १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, १९ तारखेला त्याने न्यायालयाची सक्तीची अधिकारिता मान्य केली आणि २२ तारखेला भारतावर दावा गुदरला. एवढ्या चपळाईने सरकारी काम झालेले मी तरी माझ्या सेवाकाळात पाहिलेले नाही.

पोर्तुगालचे म्हणणे असे की, दमणपासून या मुलखापर्यंत माणसे, अधिकारी, माल आणि सैन्य नेण्याचा आपला हक्क पूर्वापार आहे. हक्काचे मूळ म्हणून त्यांनी पेशव्यांशी १७७९ मध्ये झालेला पुण्याचा तह आणि त्यानंतरच्या १७८३ व १७८५ च्या सनदा पुढे केल्या. अठराव्या शतकातील मराठी राज्याचे कागद अशा रीतीने विसाव्या शतकातील जगाच्या न्यायालयासमोर आले.

माझ्या नोकरीची पहिली वर्षे महसूल खात्यात गेली. त्यामुळे निकालाचा हा भाग मला घरातल्या जुन्या कागदासारखा ओळखीचा वाटतो. सनदांनी पोर्तुगिजांना काय दिले होते? वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाचा सरंजाम. सरंजाम म्हणजे गावांच्या महसुलाची नेमणूक. ज्याला ती मिळाली तो वसूल खातो, राज्याचा धनी होत नाही. न्यायालयाने नेमके हेच धरले. मराठ्यांनी सार्वभौमत्वासह मुलूख दिल्याची उदाहरणे इतर तहांत होती. त्यांची भाषा निराळी होती. सरंजाम देणे म्हणजे राज्य देणे, असा अर्थ लावल्याचा एकही दाखला न्यायालयापुढे आला नाही. गावांत बंड झाल्यास ते मोडण्याची मुभा सनदेत होती, यावर पोर्तुगालने पुष्कळ भर दिला. न्यायाधीशांनी त्यावर दिलेले उत्तर कोणत्याही जुन्या कारकुनाला आवडावे असे आहे. गाव त्यांचेच झाले असते, तर स्वतःच्या गावातले बंड मोडायला दुसऱ्याची परवानगी कशाला लागली असती?

इथवर भारताची बाजू भक्कम होती. परंतु कागद जिथे संपले तिथून पुढे मौन सुरू झाले.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रज या प्रदेशाचे धनी झाले. त्यांना ही गावे पोर्तुगिजांच्या पूर्ण अमलाखाली दिसली. मराठ्यांचे वारस म्हणून या गावांचे राज्य आपले आहे, असे इंग्रज म्हणाले नाहीत. ते पोर्तुगिजांचे आहे असेही त्यांनी कधी स्पष्ट लिहून दिले नाही. जे चालले होते ते त्यांनी चालू दिले. या गप्प बसण्यातूनच पोर्तुगिजांच्या सार्वभौमत्वाला प्रत्यक्ष व्यवहाराने मान्यता मिळाली, आणि पुढे स्वतंत्र भारतानेही ती मूकपणे दिली, असा न्यायालयाचा निष्कर्ष आहे. ज्याला मराठ्यांनी केवळ वसूल दिला होता, तो इंग्रजांच्या न बोलण्याने मालक झाला.

ही गोष्ट माझ्या मनाला आजही टोचते. दोन साम्राज्यांनी एकमेकांच्या सोयीसाठी पाळलेले मौन, तिसऱ्याच म्हणजे पारतंत्र्यात असलेल्या जनतेच्या खात्यावर मांडले गेले. अर्जेंटिनाचे न्यायाधीश मोरेनो क्विंताना यांनी आपल्या भिन्न मतात म्हटले होते, की पोर्तुगालचा दावा उचलून धरणे म्हणजे वसाहतवाद तगवणे होय. त्यांच्या बाजूला बहुमत मिळाले नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याची घडण ज्या काळात झाली त्या काळाचे वळण त्याच्या अंगात आहे. ते नाकारून चालत नाही आणि ते आहे म्हणून कायदाच टाकूनही देता येत नाही.

आता वाटेचा प्रश्न. शेतातून जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्याचा तंटा ज्याने एकदा तरी चालवला आहे, त्याला न्यायालयाची विचारपद्धती लगेच कळेल. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल या वाटेने विनाअडथळा जात होते. एवढी अखंड वहिवाट दोन राज्यांत असेल तर तिच्यातून बंधनकारक रूढी निर्माण होते. रूढीला अनेक राष्ट्रे लागतात असे नाही, दोनही पुरतात. त्या काळी हे मत नवे होते. आज ते या विषयाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. तेवढ्यापुरता पोर्तुगालचा हक्क अकरा विरुद्ध चार मतांनी मान्य झाला, अर्थात भारताच्या नियंत्रणाला अधीन राहून.

सैन्याचे मात्र तसे झाले नाही, आणि त्याचे कारण या साऱ्या प्रकरणातील मला सर्वांत प्रिय असलेला कागद आहे. इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात १८७८ मध्ये झालेल्या तहाच्या अठराव्या कलमानुसार, रीतसर विनंतीवाचून एकाच्या सशस्त्र दलाने दुसऱ्याच्या हद्दीत सहसा शिरायचे नव्हते. १८९० च्या डिसेंबरात मुंबई सरकारने दमणकडे एक तक्रार पाठवली: पोर्तुगीज सरकारची सशस्त्र माणसे सुरत जिल्ह्याच्या पारडी तालुक्यातून न विचारता ये-जा करतात, हा तहाचा भंग आहे. काही दिवसांतच पोर्तुगीज गव्हर्नर जनरलचे उत्तर आले, की पूर्वपरवानगीशिवाय आमचे सैन्य ब्रिटिश हद्द कधीच ओलांडत नाही. सत्तर वर्षांनी हेगमध्ये हीच कबुली पोर्तुगालच्या आड आली. ज्या गोष्टीसाठी परवानगी मागावी लागते ती हक्काची कशी? सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांच्या वाटेचा दावा फेटाळला गेला, तोही आठ विरुद्ध सात अशा निसटत्या मतांनी. १९५४ मध्ये भारताने वाट अडवून आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, हेही नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. तालुक्याच्या पातळीवरचे एक किरकोळ गाऱ्हाणे कोणी वेळीच नोंदवले नसते, तर ते एक मत कोणीकडे झुकले असते कोण जाणे.

दादराची कथा अपवाद नव्हती. निकालानंतर दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, त्याच न्यायालयाने प्रेह विहारचे डोंगरमाथ्यावरील प्राचीन मंदिर कंबोडियाचे ठरवले. फ्रेंचांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काढलेल्या नकाशात मंदिर कंबोडियाच्या बाजूला दाखवले होते. सयामच्या म्हणजे आजच्या थायलंडच्या अधिकाऱ्यांनी ते नकाशे स्वीकारले, आणखी प्रती मागवल्या, हरकत मात्र घेतली नाही. १९३० मध्ये राजपुत्र दामरोंग तेथे गेले, तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्याने फ्रेंच निशाणाखाली त्यांचे स्वागत केले. तेही त्यांनी निमूटपणे घेतले.

सिंगापूरजवळच्या पेद्रा ब्रांका या खडकाची कहाणी तर प्रत्येक सचिवालयात वाचून दाखवावी अशी आहे. १९५३ मध्ये सिंगापूरच्या वसाहत सरकारने जोहोर राज्याला या खडकाविषयी विचारणा केली. जोहोरच्या प्रभारी सचिवाने २१ सप्टेंबरला उत्तर धाडले, की त्याच्या मालकीवर आमच्या सरकारचा दावा नाही. २००८ मध्ये मलेशियाने तो खडक गमावला आणि निकालात या एका ओळीच्या पत्राला मोठे वजन मिळाले. प्रभारी पदावर असताना असंख्य पत्रांवर सह्या केलेला माणूस म्हणून मी हे वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो. ते बिचारे अधिकारी बहुधा टेबलावरचा ढीग उपसत असतील.

यावरून निषेधाचा कागद म्हणजे तटबंदी, असे मात्र कोणी समजू नये. त्याने रस्ता बांधणारे यंत्र थांबत नाही, चौकीवरचा शिपाई मागे हटत नाही. शिवाय सीमेचा तंटा हेगला न्यायचा तर दोन्ही राष्ट्रांची संमती लागते, आणि चीन अशी संमती देईल अशी चिन्हे नाहीत. आपण तरी देऊ का, हाही प्रश्नच आहे. पण राष्ट्रांमधले तंटे केवळ न्यायालयात सुटत नसतात. वाटाघाटींच्या मेजावर पन्नास वर्षांनी बसणारी माणसे आधी जुन्या नोंदीच चाळतात, आणि त्यात एका पक्षाची पाने कोरी असली तर दुसरा पक्ष ती आपल्या सोयीने भरतो. म्हणूनच चार ओळींचे ते निवेदन कंटाळवाणे असले तरी दरवेळी निघालेच पाहिजे.

शक्सगामचे खोरे हे याचे चालते उदाहरण आहे. २ मार्च १९६३ रोजी पाकिस्तानने आपल्या बेकायदा ताब्यातील जम्मू-काश्मीरचा सुमारे ५,१८० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश करार करून चीनच्या हवाली केला. भारताने तेव्हाच हरकत घेतली आणि नंतरही ती घेणे सोडलेले नाही. तेथे चीन करीत असलेल्या बांधकामाविरुद्ध २०२४ च्या मे महिन्यातही निषेध नोंदवल्याचे मंत्रालयाने सांगितले. साठ वर्षांत त्या खोऱ्यातला एक दगडही या पत्रांनी हललेला नाही. परंतु त्या करारावर सह्या करणाऱ्या दोन्ही सरकारांनाही आपण करतो आहोत ते पक्के नाही, याची जाणीव असावी. कारण काश्मीरचा प्रश्न सुटल्यावर तेथील सार्वभौम सत्ता चीनशी या सीमेबाबत पुन्हा वाटाघाटी करील, असे त्यांनी कराराच्या सहाव्या कलमात स्वतःच्याच हाताने लिहून ठेवले आहे.