मझौलीच्या ई-रिक्षा आणि 50 हर्ट्झचं जातं

आज जबलपूर जिल्ह्यातल्या मझौलीला जाऊ. तहसिलीचं गाव, विष्णू-वराहाच्या जुन्या मंदिरासाठी ओळखलं जाणारं. मी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. बाजारातल्या ई-रिक्षा घरी परतत होत्या आणि दारात उभी राहिली की रिक्षाची पिन थेट सॉकेटमध्ये जात होती. एका चालकाला विचारलं, रात्री अकरानंतर चार्जिंगला लावली तर नाही का चालणार? तो म्हणाला, "भैया, तब तक लाइट चली गई तो?" हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी ग्रिड म्हणजे काय ते पाहू. दोघी बायका जात्यावर दळायला बसल्या आहेत असं समजा. वैरण जास्त पडली की जातं जड होतं, फिरणं मंदावतं. वेग तोच ठेवायचा तर जोर वाढवायला हवा. आणि वैरण एकदम कमी झाली तर जातं भरधाव सुटतं. आपल्या देशाचं वीजजाळं हे असंच एक अवाढव्य जातं आहे. त्याचा वेग म्हणजे 50 हर्ट्झ. वैरण म्हणजे आपण लावलेले पंखे, पंप, गिरण्या, आणि जोर म्हणजे वीजकेंद्रं. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण भारत जोडला गेला, तेव्हापासून मझौलीचा पंप आणि दक्षिणेतली गिरणी एकाच जात्यावर आहेत. घातलेली वीज आणि वापरलेली वीज क्षणोक्षणी जुळली पाहिजे, कारण तारांमध्ये वीज साठत नाही.

5 एप्रिल 2020 आठवतो? रात्री 9 वाजता 9 मिनिटं दिवे मालवायचे होते. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे 31 हजार मेगावॅटने खाली आली आणि पुन्हा वर गेली. जातं सांभाळलं ते मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी, कारण पाण्याचं चक्र झटकन कमी-जास्त करता येतं. कोळशाच्या बॉयलरला तेवढी चपळाई नाही.

आता जबलपूरकडे या. बरगी धरणावरच्या वीजघराची क्षमता 90 मेगावॅट आहे. घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर विजेची चारचाकी साधारण 3.3 किलोवॅट ओढते. तेवढीच वीज ती परत देऊ शकली, तर 27 हजार गाड्या मिळून एक बरगी झाली. गाडी दिवसातला बहुतेक वेळ उभीच असते, मग तिची बॅटरी ग्रिडच्या कामी का येऊ नये? अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे विलेट केम्प्टन यांनी स्टीव्हन लेटेंड्रे यांच्यासह 1997 मध्ये ही कल्पना लेखरूपाने मांडली होती. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्ग इथे 2016 पासून 10 विजेच्या व्हॅन रात्री उभ्या असताना हे काम करू लागल्या: जातं मंदावलं की थोडी वीज द्यायची, सुटलं की थोडी घ्यायची.

ऐकायला छान वाटतं. पण मी जमाखर्च मांडून बघतो, तुम्हीही मांडा. केंद्राच्या 2023 च्या ग्राहक हक्क नियमांत सांगितलं आहे की सूर्यप्रकाशाच्या तासांचा दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी असावा, आणि घरगुती ग्राहकासाठी कमाल मागणीच्या वेळचा दर नेहमीच्या किमान 1.1 पट असावा. समजा नेहमीचा दर 7 रुपये आहे. दुपारी 5.60 ला वीज घेतली, संध्याकाळी 7.70 ला परत दिली. भरताना आणि काढताना ढोबळमानाने पाचातलं एक युनिट उष्णता होऊन जातं, म्हणजे 1 युनिट परत द्यायला सव्वा युनिट भरावं लागतं. त्याचे झाले 7 रुपये. हातात उरले 70 पैसे. आता बॅटरी. समजा 40 युनिटची बॅटरी 5 लाखांची आहे आणि 3,000 वेळा भरून रिकामी करता येते. आयुष्यभरात 1 लाख 20 हजार युनिटं. प्रत्येक युनिटमागे झीज 4 रुपयांहून जास्त. म्हणजे 70 पैशांसाठी 4 रुपये घासायचे. आमच्या आजीच्या भाषेत, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

डेन्मार्कच्या व्हॅनचं गणित वेगळं होतं. तिथे मोबदला युनिटांचा नव्हता, तयार राहण्याचा होता. एक खाच थोडं दे, एक खाच थोडं घे, यात बॅटरी फारशी उपसली जात नाही. आपल्याकडे घरोघरच्या गाड्यांना असा मोबदला मिळाला तरच परत देण्याचा हिशोब जुळेल.

सध्या भारतातल्या काही गाड्यांना बाहेरचं उपकरण चालवण्याची सोय आहे, उदाहरणार्थ टाटा नेक्सॉन ईव्हीच्या नव्या आवृत्त्यांना. त्यावर मिक्सर चालवा, दिवा लावा. पण कृपा करून ती वायर घराच्या सॉकेटमध्ये खुपसू नका. लाइट गेलेली असताना तुमची वीज मीटरमधून उलट बाहेर पडली, तर खांबावर चढलेला वायरमन मरेल. ग्रिडला वीज देणारा खरा चार्जर बाहेरची लाइट जाताच स्वतःला तोडून घेतो, आणि त्याची किंमत त्या शहाणपणाचीही असते.

मग गाडीचा ग्रिडला आज काय उपयोग? तिने नुसती घाई केली नाही तरी पुष्कळ आहे. देशाची मागणी शिखर गाठते ती उन्हाळ्यात. 30 मे 2024 ला ती 250 गिगावॅटवर गेली. मध्य प्रदेशचं शिखर मात्र हिवाळ्यात येतं, कारण रब्बीत गव्हाला, हरभऱ्याला आणि जबलपूरच्या नामांकित मटाराला पाणी द्यायचं असतं. दुपारी रीव्याचा 750 मेगावॅटचा सौर प्रकल्प जोरात असतो. सूर्य कलला की तो झोपतो, आणि नेमके तेव्हाच दिवे आणि रिक्षांच्या पिना एकदम लागतात. वस्तीतला छोटा ट्रान्सफॉर्मर तापतो तो याच वेळी. तेच चार्जिंग दुपारी किंवा मध्यरात्रीकडे सरकलं तर बॅटरीची झीज वाढत नाही, नवा चार्जर लागत नाही, फक्त वेळेचं बटण लागतं.

मझौलीच्या बहुतेक रिक्षांत लेड-अॅसिडच्या चार बॅटऱ्या असतात, मिळून पाचेक युनिटांच्या. त्यांच्याकडून वीज परत मागणं म्हणजे आधीच दमलेल्या बैलाला पुन्हा जुंपणं. पण वेळ सरकवणं त्यांनाही जमेल. अडचण आहे ती चालकाच्या प्रश्नात. रात्री लाइट राहील याची त्याला खात्री नाही, आणि सकाळी बॅटरी अर्धी असेल तर बाजाराच्या दिवसाची कमाई गेली. त्यामुळे मिळेल तेव्हा ओढून घेणं हे त्याच्या बाजूने अगदी शहाणपणाचं आहे. सगळ्यांनी तसंच केलं की ट्रान्सफॉर्मर बसतो, लाइट जाते, आणि तो म्हणतो, बघा, मी सांगितलं होतं.

राज्याच्या विजेचा समतोल पाहणारं भार प्रेषण केंद्र जबलपुरातच आहे. तिथल्या पडद्यावर हर्ट्झ क्षणाक्षणाला दिसतो. रिक्षावाल्याला मात्र त्याच्या फीडरची लाइट आज रात्री अकरा ते पाच राहणार की नाही, एवढं एक लेखी वचन हवं आहे, आणि ती वेळ पाळली तर दरात सूट. मी त्याला म्हटलं, असं वचन मिळालं तर थांबशील? तो पिन तशीच लावून म्हणाला, "पहले दो महीने देखूँगा."