गौळणींतील खोडकर मुलगा

आपल्या मालवणी मुलुखांत भजनाची डबलबारी लागली म्हणजे सारा गांव लोटतो. दोन बुवा आपापल्या मेळ्यासह ठाकतात. पेटी, पखवाज व झांजा दणाणूं लागतात. रूपाचा अभंग होतो, आणि पुढें गौळण सुरू होतांच आईच्या मांडीवर पेंगुळलेलीं मुलेंही डोळे चोळीत उठून बसतात. या गीतांत असें काय आहे, याचा थोडा विचार करूं.

गौळण म्हणजे गवळ्याची स्त्री, आणि तिच्या तोंडीं घातलेलें गीत तेंही गौळणच. एकनाथांनीं (१५३३–१५९९) अशा पुष्कळ गौळणी रचिल्या. तमाशांतही गणामागून गौळण येते. तेथें कृष्णाच्या जोडीला वेडावांकडा पेंद्या व पुरुषानेंच वठविलेली 'मावशी' असते. विषय बहुधा एकच: कान्हा शिंक्यावरचें लोणी पळवितो, सवंगड्यांस वांटतो, दह्यादुधाचे माठ फोडतो आणि मथुरेच्या बाजारास निघालेल्या गौळणींची वाट अडवितो.

गंमत ही कीं, आपला पराक्रम बहुधा कान्हा स्वतः सांगत नाहीं. जिचें नुकसान झालें ती सांगते. यशोदेच्या दारांत उभी राहून ती एकेक अपराध मोजते, आणि मोजतां मोजतां तिच्या रागाचें कौतुक केव्हां होतें, हें तिलाही कळत नाहीं. इकडे यशोदा म्हणते, आमचें बाळ तर घराबाहेर पडलेंच नाहीं! ही यशोदा आम्हां शिक्षकांच्या चांगल्या ओळखीची आहे. वर्षांतून एकदां तरी ती शाळेच्या पायरीवर भेटतेच. म्हणूनच गौळण ऐकतांना मुलें हंसतात, आणि आईबाप जरा जपून हंसतात.

वारकरी मंडळी याचा गूढ अर्थही सांगतात: लोणी म्हणजे भक्ताचें मन, आणि तें चोरणारा तो देव.

परंतु विद्यार्थिमित्रहो, एक भेद ध्यानांत असूं द्या. गाण्यांतला माठ फुटला तरी कोणाचें दूध सांडत नाहीं. बाजाराच्या वाटेवर मासळीची टोपली उलटली, तर त्या बाईची दिवसाची कमाई जाते. शाळेच्या वाटेवर मुलीस कोणी अडविलें, तर एखादे वेळीं तिची शाळाच सुटते. गौळणींत आपण हंसतों, कारण तक्रार करणारी स्वतःच शेवटीं हंसते. जिची खोडी काढली तिला हंसूं आलें नाहीं, तर ती खोडी नव्हे, उपद्रव होय.

यंदा डबलबारीस जाल तेव्हां मुलांस अवश्य बरोबर न्या. घरीं परततांना मात्र त्यांस एवढेंच विचारा: "हें गाणें कोणाच्या तोंडीं होतें बरें?"