घरातील चतुर दिवे : निवड व मांडणी

नाशिकची वसंत व्याख्यानमाला १९२२ साली सुरू झाली. तेव्हापासून या गोदाकाठच्या व्यासपीठावर राजकारण, वाङ्मय, इतिहास, अर्थशास्त्र अशा मोठमोठ्या विषयांचा ऊहापोह होत आला आहे. त्या मानाने घरात दिवा कोणता लावावा हा विषय अगदीच घरगुती. तो ऐकावयास उन्हे उतरल्यावर घाटापर्यंत कोण येणार, अशी शंका प्रथम आमच्याही मनात आली होती. परंतु हल्ली ज्यांच्या ज्यांच्या घरी जावे, तेथे कोणी तरी भ्रमणध्वनी पुढे करून छताचा दिवा निळा-जांभळा करून दाखवितो, आणि त्याच घरातील वडील माणूस जिन्यात चाचपडत असतो. हे दोन्ही एकाच घरात पाहिल्यावर विषय बोलण्याजोगा आहे, अशी आमची खात्री झाली.

सप्टेंबर २०१६ मध्ये नाशिकचे नाव स्मार्ट शहरांच्या यादीत आले. तेव्हापासून 'स्मार्ट' हा शब्द आपल्या चांगला परिचयाचा आहे. दिव्यांच्या बाबतीत आम्ही त्यास 'चतुर' म्हणू. चतुर दिवा म्हणजे तरी काय? साधा एलईडी दिवा, आणि त्याच्या पोटात बिनतारी संदेश घेणारी एक चिमुकली चकती. घरातील वाय-फायवरून किंवा तत्सम दुसऱ्या लहरींवरून तिला आज्ञा मिळते : पेट, वीज, मंद हो, पिवळा हो, पहाटे पाचला जागा हो. दिव्याला स्वतःची अक्कल नसते. आपण आगाऊ सांगून ठेवलेले तो विसरत नाही, एवढेच त्याचे चातुर्य.

हे चातुर्य कोणाच्या कामी यावे, हा खरा प्रश्न आहे. आमच्या एक मावशी पंचवटीत जुन्या वाड्यात एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. परदेशी असलेले त्यांचे चिरंजीव दिवाळीत आले आणि मोठ्या हौसेने त्यांनी घरभर चतुर दिवे बसविले. भिंतीवरील बटण बंद केले की दिव्याला वीजच मिळत नाही, मग तो आज्ञा कशी ऐकणार? म्हणून त्यांनी सर्व बटणांवर चिकटपट्टी लावली व 'हात लावू नये' असे लिहून ठेवले. चिरंजीव परत गेले. पुढे एका रात्री वीज गेली आणि अडीच वाजता परत आली, ती सहाच्या सहा दिवे भगभगा पेटवूनच. मावशींनी फोनशी खटपट केली. इंटरनेट बंद होते. चिकटपट्टी काढण्याचा धीर झाला नाही. मुलाने लावलेली! पहाटेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. त्यानंतर आठवड्याभराने नेमके उलट घडले. रात्री न्हाणीकडे जाताना दिवा काही पेटेना; उंबऱ्यास ठेच लागली आणि मनगटाचे हाड मोडले. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "दिवा माझा आहे, की त्याच्या फोनचा?"

या प्रश्नाचे उत्तर देता येईल अशी व्यवस्था करणे, हाच आमच्या पुढील विवेचनाचा हेतू आहे.

आधी प्रकाश, मग चातुर्य

दुकानात गेल्यावर आपण अजून 'किती वॉटचा?' असे विचारतो. ही जुन्या तारेच्या दिव्याची सवय. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो ते; तो किती उजेड देतो ते ल्यूमेनमध्ये मोजतात. साठ वॉटचा जुना दिवा साधारण सातशे ते आठशे ल्यूमेन देत असे. तेवढाच उजेड आज नऊ वॉटचा एलईडी देतो. तेव्हा खोक्यावरील ल्यूमेनचा आकडा वाचावा. एक ल्यूमेन प्रकाश एक चौरस मीटरवर पसरला म्हणजे एक लक्स. सहज वाचनास साधारण दीडशे लक्स, मुलांच्या अभ्यासास तीनशे, आणि सुईदोऱ्याच्या कामास त्याहून पुष्कळ जास्त प्रकाश हवा. दहा फूट बाय बारा फूट खोली म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर. तेथे दोन हजार ल्यूमेनची एक नळी लावली, आणि निम्मा प्रकाश भिंतीत व छतात जिरला असे धरले, तर पुस्तकावर जेमतेम नव्वद लक्स पडतात. म्हणून छतावर आणखी एक भगभगीत दिवा टांगण्यापेक्षा अभ्यासाच्या टेबलावर व ओट्यावर स्वतंत्र दिवा द्यावा. खर्चही कमी, डोळ्यांनाही सुख. वय वाढते तशी बाहुली आकसते व भिंग पिवळसर होते. त्यामुळे तरुणास पुरतो तो उजेड आजोबांस पुरत नाही. घरातील प्रकाश वडील माणसाच्या डोळ्यांनी मोजावा, हे उत्तम.

दुसरी गोष्ट रंगाची. पांढऱ्या प्रकाशाची छटा केल्विनमध्ये सांगतात. २७०० केल्विन म्हणजे जुन्या दिव्याचा पिवळसर उजेड, ४००० म्हणजे मध्यम पांढरा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे निळसर पांढऱ्याचे भारी वेड; तोच 'जास्त उजेड' वाटतो. परंतु डोळ्याच्या पडद्यात निळ्या प्रकाशास विशेष संवेदनशील अशा पेशी आहेत, आणि दिवस आहे की रात्र, हे त्या मेंदूला कळवितात. शरीरातील या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल २०१७ चे नोबेल पारितोषिक तीन शास्त्रज्ञांना मिळाले. रात्री दहा वाजता निळसर प्रकाशात बसणे म्हणजे त्या घड्याळास 'अजून दुपार आहे' असे सांगणे होय. ज्या चतुर दिव्याची छटा बदलता येते, त्याचा खरा उपयोग येथे आहे : सायंकाळी स्वयंपाकघरात पांढरा, जेवणे आटोपली की पिवळसर, निजताना मंद. जांभळ्या-हिरव्या रंगांची हौस महिन्याभरात फिटते. हा उपयोग मात्र वर्षानुवर्षे पुरतो.

तिसरी गोष्ट रंगांच्या खरेपणाची. येवल्याची पैठणी दुकानात एका रंगाची दिसते आणि घरी आणल्यावर दुसऱ्याच, हा अनुभव पुष्कळांना आहे. दोष नेहमी विणकराचा नसतो, कित्येकदा दिव्याचा असतो. वस्तूचे रंग किती खरे दिसतात, हे सांगणारा सीआरआय नावाचा अंक शंभरापैकी असतो. ऐंशी म्हणजे चालण्याजोगा. नव्वद असेल तर कुंकू कुंकवासारखे दिसते. ओट्यावर व आरशापाशी तरी नव्वदचा आग्रह धरावा.

दिवा चतुर की बटण चतुर?

आता मुख्य निवड. चातुर्य दिव्यात ठेवता येते किंवा भिंतीवरील बोर्डात. चतुर दिवा बसविण्यास काहीच कष्ट नाहीत : जुना काढला, नवा लावला. फक्त आपला होल्डर पिनचा की आट्यांचा, हे पाहून आणावे. छटा व मंदपणा बदलावयाचा असेल, किंवा घर भाड्याचे असेल, तर हाच मार्ग. पण बटण सदैव चालू ठेवावे लागते, आणि तेथेच मावशींचा घात झाला.

दुसरा मार्ग असा की बोर्डाच्या पाठीमागे काडेपेटीएवढे एक उपकरण बसवावे. दिवा साधाच राहतो, बटणही जुनेच. मात्र त्याच दिव्याला फोनवरून किंवा ठरल्या वेळीही आज्ञा देता येते. इंटरनेट गेले, फोन हरवला, चिरंजीव परगावी गेले, तरी बटण दाबले की दिवा लागतो. नांदत्या घराला, विशेषतः जेथे वडीलधारी माणसे, कामवाल्या बाई आणि पाहुणे यांचा राबता आहे तेथे, आम्ही हाच मार्ग सुचवू. एका बोर्डावर पंख्यासह चार-पाच बटणे असण्याची आपली पद्धत त्यास सोयीचीही आहे. मात्र अशा बहुतेक उपकरणांना न्यूट्रलची तार लागते. ज्या बोर्डावर प्लगची जागा आहे तेथे ती असतेच. जिन्याच्या दुहेरी बटणांपाशी बहुधा नसते. जुन्या वाड्यांत लाकडी पट्टीवरून नेलेल्या तारा आहेत. तेथे आधी तारा बदलाव्यात, चातुर्य मागाहून. हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावे. बटणाने फेजची तार तुटते की न्यूट्रलची, तेही त्यास टेस्टर लावून पाहावयास सांगावे. न्यूट्रल तुटत असेल तर बंद दिव्याच्या होल्डरमध्येही वीज खेळत राहते. जुना पंख्याचा रेग्युलेटर एलईडी मंद करण्यास वापरू नये. दिवा लुकलुकतो आणि लवकर मरतो.

मांडणी

बहुतेक स्वस्त चतुर दिवे वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच बोलतात. फोन ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर असला की जोडणी होत नाही आणि माणूस दिव्याला दोष देतो. तेव्हा प्रथम फोन त्या पट्ट्यावर आणावा. वाड्याच्या दोन फुटी भिंती व सदनिकांचे सळईचे स्लॅब या लहरी अडवितात. म्हणून वाय-फायची पेटी कोपऱ्यातील टीव्हीमागे न ठेवता घराच्या मध्यावर, उंच ठेवावी, आणि ती इन्व्हर्टरवर जोडावी. दिवे वीस-पंचवीस असतील तर झिगबीसारखी पद्धत बरी. तीत एक दिवा दुसऱ्याला निरोप पोहोचवितो.

दिवा जोडल्यावर पहिले काम म्हणजे वीज गेल्यावर परत येताच त्याने काय करावे, ते ठरविणे. पुष्कळ दिवे मुळात 'पूर्ण पेटावे' अशा बेताने येतात. ते बदलून 'पूर्वी होता तसा राहावा' असे करावे. वळवाच्या पावसात वीज चार वेळा येते-जाते. ही एक खूण केली नाही तर चारही वेळा घर जागे होईल. त्याच दिवसांत विजेचा दाब एकदम उसळतो, त्यासाठी मुख्य बोर्डात सर्ज-रोधक व नीट अर्थिंग असावे.

रात्रीच्या वाटेसाठी माणसाची चाहूल घेणारा दिवा लावावा. हालत्या शरीराची उष्णता ओळखणारी ही साधी चकती आहे. तिला फोन लागत नाही आणि इंटरनेटही नाही. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, पिवळसर, मंद आणि डोळ्यांत न जाणारा असा हा दिवा पलंगापासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर, उंबऱ्याजवळ आणि जिन्याच्या पहिल्या व शेवटच्या पायरीशी असावा. मे महिन्यात खोलीच शरीराइतकी तापली म्हणजे त्याची चाहूल थोडी मंदावते. म्हणून तो अंतर राखून न लावता वाटेच्या अगदी लगत लावावा. साऱ्या घरात एकच चतुर दिवा घ्यावयाचा असेल, तर तो हा.

हिशेब

वीज वाचते म्हणून हे दिवे घ्या, असे विक्रेते सांगतात. हिशेब करून पाहू. साठ वॉटचा दिवा रोज पाच तास जळला तर वर्षाला सुमारे ११० युनिटे लागत. नऊ वॉटच्या एलईडीला साडेसोळा. ही मोठी बचत एलईडीची आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेने देशभर छत्तीस कोटींहून अधिक एलईडी दिवे घरोघर पोहोचविले, तेव्हाच ती आपल्या पदरात पडली. चतुर दिवा तर विझलेला असतानाही आज्ञेची वाट पाहत सुमारे अर्धा वॉट खात असतो. रोजचे एकोणीस तास धरले तर वर्षाला साडेतीन युनिटे होतात. नऊ वॉटचा दिवा रोज तासभर विसरून जळत राहिला, तर जवळजवळ तेवढीच वीज वाया जाते. म्हणजे ज्याच्या घरी रोज तासाहून अधिक वेळ दिवा विसरला जातो, त्यालाच विजेत फायदा. आणि साध्या दिव्याच्या काही पट किंमत निराळी. गच्ची, जिना व अंगण यांत तो फायदा होईल, देवघरात होणार नाही. चतुर दिवे सोयीसाठी घ्यावेत, बचतीसाठी नव्हे.

आणखी एक हिशेब भविष्याचा. पुष्कळ दिव्यांना आपली आज्ञा थेट मिळत नाही. ती दूरच्या कंपनीच्या संगणकावर जाऊन परत येते. तो संगणक बंद पडला तर? एका प्रसिद्ध जर्मन दिवे-कंपनीने लाइटिफाय या आपल्या दिव्यांची अशी सेवा ३१ ऑगस्ट २०२१ रोजी थांबविली. इन्स्टिऑन या अमेरिकन कंपनीची सेवा एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद पडली. पुढे तिच्या ग्राहकांपैकी काहींनीच ती विकत घेऊन जूनमध्ये पुन्हा सुरू केली. म्हणून विकत घेतानाच विचारावे : इंटरनेट नसताना हा दिवा घरातल्या घरात चालतो का? ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर नावाचे सामाईक मानक प्रसिद्ध झाले. त्याची खूण असलेली वस्तू निरनिराळ्या कंपन्यांच्या वस्तूंशी बोलू शकते आणि घरातल्या घरात आज्ञा घेते. तीस पसंती द्यावी. खाते घरात राहणाऱ्या माणसाच्या नावे उघडावे, परगावच्या मुलाच्या नव्हे. संकेतशब्द कागदावर लिहून घरातील महत्त्वाच्या कागदांत ठेवावा. दिवा कोणास देऊन टाकावयाचा झाला तर आधी त्याची स्मृती पुसावी. आपण केव्हा निजतो, केव्हा गावी जातो, हे त्याला ठाऊक असते.

सर्व एकदम बदलू नये. पहिल्या महिन्यात रात्रीची वाट आणि एक खोली. ती सर्वांना, विशेषतः घरातील सर्वांत वृद्ध माणसाला, न विचारता वापरता आली तर पुढची. बटणाला फोन हा पर्याय नव्हे. तो बटणाचा मदतनीस आहे.

मावशींच्या घरी आम्ही तारतंत्र्याला घेऊन गेलो. चिकटपट्ट्या निघाल्या. चार बोर्डांमागे उपकरणे बसली, न्हाणीच्या वाटेवर चाहूल घेणारे दोन दिवे लागले, आणि चिरंजीवांनी आणलेल्या दिव्यांपैकी दोन त्यांच्या वाचनाच्या जागी राहिले. ते रात्री नऊला आपोआप पिवळे होतात. चिरंजीवांना तिकडून अंगणातला दिवा लावता येतो. आईने दार लावले की नाही, हे ते रोज फोनवर विचारतात आणि तो दिवा लावतात. मनगट आता भरून आले आहे. देवघरातली समई मावशी अजून स्वतःच लावतात. तिच्याबद्दल आम्ही काही सुचविले नाही, आणि त्यांनीही विचारले नाही.