ड्रॅगनचं अंगण

वाळवंटातल्या सरड्याच्या पेटीत खाली काय घालाल? "वाळू!" हो ना? सिडनीत राहणारी माझी भाचीही हेच म्हणाली होती. तिच्याकडे बिअर्डेड ड्रॅगन आहे, रीतसर परवाना काढून पाळलेला. चिडला की गळ्याखालची काटेरी दाढी फुगवून काळीकुट्ट करतो! (कच्छ-राजस्थानातला आपला सांडा सरडा मात्र पकडायचा नाही हं, तो कायद्यानं गुन्हा आहे.)

हा ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला. तिथं सगळीकडे भुसभुशीत वाळूचे ढीग नसतात. पुष्कळ ठिकाणी जमीन लाल, घट्ट, उन्हानं भाजलेली असते. सुट्या वाळूवर किडा पकडताना वाळूही पोटात जाते आणि पिल्लाच्या आतड्यात अडकून बसू शकते. पिल्लाला म्हणून साधा कागदच बरा.

मोठ्या ड्रॅगनसाठी भाचीनं वाळूत साधी, खत न घातलेली माती कालवली, पाणी शिंपडलं, तळहातांनी थापून थापून घट्ट बसवली आणि खडखडीत वाळवली. व्हिडिओ कॉलवर ते बघताना मला तिची पणजी आठवली. पावसाळा सरला की ती अंगण अस्संच चोपायची! दोन दिवसांत ड्रॅगननं कोपऱ्यात बीळ उकरलं. ते ढासळलं नाही. कडेला त्याच्या नखांचे बारीक ओरखडे उमटले होते.

आता ऊन. पेटी चार फूट लांब. एका टोकाला दिव्याखाली साधारण 40 अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला 25. सरड्याचं अंग आपल्यासारखं आतून ऊबदार राहत नाही, म्हणून तो दिवसभर या टोकाकडून त्या टोकाकडे जातो. सकाळी अंगाचा रंग गडद करतो, म्हणजे लवकर तापतं. फार तापला की आ वासून बसतो. हाडं मजबूत राहावीत म्हणून अतिनील किरणांचा आणखी एक दिवा लागतो. खिडकीतलं ऊन चालत नाही, कारण काच ती किरणं अडवते.

दिवे मात्र वरच हवेत. तापणारा दगड खाली ठेवला, तर पोट भाजेपर्यंत ड्रॅगन त्यावरच बसून राहू शकतो. ऊन वरून येतं, एवढंच त्याला ठाऊक! त्याच्या टाळूवर एक इवलासा ठिपका असतो, तो त्याचा तिसरा डोळा. त्यानं चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. डोक्यावरून शिकारी पक्षी गेला, तरी त्याला चाहूल लागते.

म्हणून भाची वरून कधीच हात घालत नाही. जमिनीलगत तळहात सरकवते आणि थांबते. ड्रॅगन मान तिरकी करून बघतो. मग एक पाय बोटांवर ठेवतो.