बारनिशीपाशी तीन दिवस

ठाकुर्लीत आमच्या इमारतीतली एक मुलगी सल्लागार कंपनीत आहे. एका शासकीय कार्यालयात अर्ज कुठे अडतात हे शोधायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा साहेबांची परवानगी काढून मीही तिच्यासोबत गेलो.

तिनं एकच अर्ज धरला. बारनिशीत आवक क्रमांक पडला, शिक्का बसला, अर्ज लिपिकाकडे गेला. प्रत्येक टेबलापाशी ती वहीत दोन वेळा टिपायची: नस्ती टेबलावर आली कधी, आणि उघडली कधी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेरीज केली तर प्रत्यक्ष काम तासाभराचंही भरेना. बाकी सगळा मुक्काम. सर्वात लांबला तो ‘चर्चा करावी’ या शेऱ्याखाली. चर्चा कुणी, कुणाशी, कधी करायची, ते शेऱ्यात नसतं. राज्याचा लोकसेवा हक्क कायदा 2015चा आहे; पण अर्जदाराला त्यातून शेवटची मुदत कळते, मधल्या टेबलांचे दिवस नाहीत.

एका टेबलाची खुर्ची रिकामीच होती. तिथला माणूस मतदारयादीच्या कामावर. तिच्या तक्त्यात या खुर्चीला चौकोनच नव्हता. मी दाखवल्यावर तिनं पेन्सिलीनं काढला.

चहाला जुने लिपिक म्हणाले, “मॅडम, ही मधली सही कशाला, हे मी तीन साहेबांना विचारलंय. तुम्ही लिहा. तुमचं वाचतील.”

मला हे टोचलं. 1980च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची घडी आतूनच बदलली होती. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ती राज्यभर गाजली. आमच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेनं या शतकाच्या सुरुवातीला नागरी सुविधा केंद्र काढलं, त्याची संगणक प्रणाली एबीएम नॉलेजवेअर या बाहेरच्या कंपनीची, पण पाठीशी आयुक्त होते. 2016च्या सप्टेंबरमध्ये ठाण्यासोबत आम्हीही स्मार्ट सिटीच्या यादीत गेलो, तोवर प्रस्ताव लिहायलाच सल्लागार नेमायची रीत पडली होती. त्या मुलीला मात्र मी नावं ठेवणार नाही. तीन दिवसांत तिनं जितकं विचारलं, तितकं त्या लिपिकांना कुणी विचारलं नसावं.

महिन्याभरानं अहवाल द्यायला आम्ही पुन्हा गेलो. मधली सही वगळावी, असं पान चारवर होतं. लिपिकांनी ते पान आधी पाहिलं, मग वर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि घड्याळाकडे बघत म्हणाले, “अकरा दहा. लिहून घ्या, मॅडम.”