नेली ग्रे यांचा मोर्चा

ऑक्टोबर 1973 मध्ये वॉशिंग्टनच्या एका घरात तीसेक माणसे जमली. घर नेली ग्रे यांचे होते. जन्म टेक्सासमधल्या बिग स्प्रिंगचा, वय 49, अविवाहित. दुसऱ्या महायुद्धात त्या लष्कराच्या महिला दलात होत्या. पुढे केंद्र सरकारच्या खात्यांत नोकरी केली आणि जॉर्जटाउन विद्यापीठातून वकिलीची पदवी घेतली. नऊ महिन्यांपूर्वी, 22 जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी गर्भपात हा घटनेने दिलेला हक्क ठरवला होता. निकालाच्या वर्षदिनी काय करायचे, एवढाच त्या बैठकीपुढचा विषय होता. मोर्चा काढायचे ठरले. संसद एकदा ऐकेल, कायदा करेल आणि प्रश्न मिटेल, असा ग्रे यांचा हिशेब होता.

पहिल्या मोर्चाला वीस हजार माणसे आल्याचे आयोजक सांगतात. संसद काही हलली नाही. मग दुसऱ्या वर्षी मोर्चा, तिसऱ्या वर्षी मोर्चा. ‘मार्च फॉर लाइफ’ या नावाची संस्था अशी उभी राहिली आणि ग्रे यांनी ती शेवटपर्यंत चालवली. ऑगस्ट 2012 मध्ये, वयाच्या 88 व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तोवर एकोणचाळीस मोर्चे होऊन गेले होते.

अमेरिकेतली गर्भपातविरोधी चळवळ म्हटली की आपल्याला रिपब्लिकन पुढारी आणि टीव्हीवरचे धर्मोपदेशक आठवतात. हे चित्र नंतरचे आहे. सत्तरच्या दशकात चळवळ प्रामुख्याने कॅथलिकांची होती. सदर्न बॅप्टिस्ट पंथाने तर 1971 च्या अधिवेशनात काही परिस्थितींत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी, असा ठराव केला होता. सुरुवातीचे अनेक कार्यकर्ते डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदार होते. न्यूयॉर्क राज्यातल्या एलन मॅककॉर्मॅक या गृहिणीने 1976 साली त्याच पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितली. निवडून येण्यासाठी त्या उभ्या नव्हत्याच. उमेदवाराला टीव्हीवर जाहिरात करता येते, म्हणून उभ्या होत्या. लहान लहान देणग्या इतक्या राज्यांतून जमल्या की कायद्याप्रमाणे सरकारी निवडणूक निधीतूनही त्यांना पैसा मिळाला. त्याच सुमारास ‘नॅशनल राइट टु लाइफ कमिटी’ या सर्वांत मोठ्या संघटनेच्या अध्यक्षपदी डॉ. मिल्ड्रेड जेफरसन होत्या. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. गर्भपाताच्या हक्कासाठी झगडणाऱ्याही बहुतांशी स्त्रियाच होत्या. त्यामुळे हा वाद बायका विरुद्ध पुरुष असा मांडला की अर्धा इतिहास हातातून निसटतो.

मोर्चाचा गाडा आजही मुख्यतः चर्च आणि शाळा ओढतात. जानेवारीत ओहायो, केंटकी, मिनेसोटा, लुइझियाना अशा राज्यांतून बसगाड्या निघतात. गाडीत बहुतेक शाळा-कॉलेजची मुले, सोबत एखादे पाद्री, दोन-चार आया. रात्रभर प्रवास, मुक्काम एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर. आदल्या रात्री राष्ट्रीय बॅसिलिकात जागर असतो. दुसऱ्या दिवशी आपापल्या गावाचा फलक धरून न्यायालयाच्या दिशेने चालायचे, जमल्यास आपल्या खासदाराला भेटायचे आणि पुन्हा बस. लाल गुलाब ही मोर्चाची खूण. सुरुवातीच्या काळापासून कार्यकर्ते खासदारांच्या कचेऱ्यांत ही फुले पोहोचवत आले. किती माणसे येतात यावर दरवर्षी भांडण होते. आयोजक लाखांत बोलतात, विरोधक हसतात, आणि वॉशिंग्टनच्या उद्यान पोलिसांनी गर्दी मोजून आकडे जाहीर करणे नव्वदच्या दशकातच सोडून दिले.

थंडीचे मात्र भांडण नाही. 1985 साली कडाक्याच्या गारठ्यामुळे रेगन यांचा दुसरा शपथविधी उघड्यावरून हलवून संसदेच्या घुमटाखाली घ्यावा लागला. दुसऱ्याच दिवशी मोर्चा निघाला. 2016 साली हिमवादळ आले आणि परतणाऱ्या कितीतरी बस पेनसिल्व्हेनियाच्या महामार्गावर अडकून पडल्या. तेव्हा मुलांनी रस्त्याकडेला बर्फाचीच वेदी रचली आणि बरोबरच्या पाद्रींनी तिथे मिस्सा म्हटली. माझ्या मते, या मुलांसाठी मोर्चाची खरी कमाई हीच असते. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर असा प्रवास केलेला माणूस चाळिशीत मतदान करताना तो विसरत नाही. चळवळीला पुढची पिढी हवी असते, आणि इथे ती दरवर्षी बस भरून मिळते.

रेगन यांनी मोर्चाशी बोलण्याची प्रथा पाडली, पण फोनवरून. ध्वनिक्षेपकातून आवाज यायचा. स्वतः मैदानात ते कधी आले नाहीत. धाकट्या बुश यांनीही फोनच केला. समोर उभा राहून बोलणारा पहिला राष्ट्राध्यक्ष 2020 मध्ये आला, तो म्हणजे ट्रम्प.

ग्रे यांना अशा पुढाऱ्यांचे फार अप्रूप नसावे. त्यांचे सूत्र एकच होते: अपवाद नाही, तडजोड नाही. बलात्कारातून राहिलेला गर्भ असो वा व्यंग असलेला, त्यांच्या लेखी फरक नव्हता. या ताठरपणाची कसोटी 1981 पासूनच्या दोन वर्षांत लागली. सिनेटर ऑरिन हॅच यांनी एक घटनादुरुस्ती आणली. गर्भपात हा घटनात्मक हक्क नाही एवढे तीत म्हणायचे आणि कायदे करण्याची मुभा संसदेला व राज्यांना द्यायची, असा तिचा आशय. मिळेल ते पदरात घ्यावे म्हणणाऱ्यांनी ती उचलून धरली. ग्रे यांनी विरोध केला. जिवाचा हक्क राज्याच्या सीमेवर कसा बदलेल, असा त्यांचा आक्षेप. चळवळ उभी चिरली गेली. 1983 साली दुरुस्तीचे आखूड रूप सिनेटमध्ये मतदानाला आले, तेव्हा बाजूने 49, विरोधात 50 मते पडली; मंजुरीला 67 लागत होती. गर्भपाताचे कट्टर विरोधक जेसी हेल्म्स यांनी नुसती हजेरी नोंदवली, कारण प्रस्ताव त्यांना पुरेसा कडक वाटला नाही.

चळवळीच्या कडेला याहून काळे पानही आहे. 1993 मध्ये फ्लोरिडात आणि 2009 मध्ये कॅन्ससमध्ये गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांचे खून झाले. मोर्चा शांततेचाच राहिला. पण गर्भपाताला खून म्हणणाऱ्या भाषेचे काही माणसांच्या डोक्यात काय होते, हा प्रश्न व्यासपीठावर फारसा विचारला गेला नाही.

आपल्याकडे हा संघर्ष असा पेटला नाही. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या अहवालावरून संसदेने 1971 मध्ये, म्हणजे ‘रो’च्या दोन वर्षे आधी, वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला. चर्चा असुरक्षित गर्भपातात मरणाऱ्या बायकांची आणि लोकसंख्येची होती. आपल्याकडची चळवळ पुढे उभी राहिली ती गर्भलिंगनिदानाविरुद्ध. तिने गर्भपाताचा हक्क नाकारला नाही, म्हणून ‘मार्च फॉर लाइफ’ची तिच्याशी सांगड घालणे चूक ठरेल.

24 जून 2022 रोजी ‘डॉब्स’ खटल्यात न्यायालयाने ‘रो’ रद्द केला आणि विषय राज्यांकडे सोपवला. म्हणजे साधारण हॅच यांच्या दुरुस्तीने जे साधले असते तेच, ग्रे यांनी अपुरे म्हणून नाकारलेलेच, चाळीस वर्षांनी पदरात पडले. राज्यांकडे जाण्याचा अर्थ लगेच कळला. कॅन्सस हे पुराणमतवादी राज्य. तिथे सहा आठवड्यांच्या आत सार्वमत झाले आणि सुमारे 59 टक्के मतदारांनी गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून टाकायला नकार दिला. 2023 मध्ये ओहायोने तो हक्क राज्यघटनेत घातला. 2024 मध्ये रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी बंदीचा जुना आग्रह आपल्या जाहीरनाम्यातून वगळला. गुटमाकर इन्स्टिट्यूट ही संस्था गर्भपाताच्या हक्काच्या बाजूची, पण तिचे आकडे दोन्ही बाजू वापरतात. तिच्या अंदाजानुसार 2023 साली देशात दहा लाखांहून अधिक गर्भपात झाले, दशकाहून अधिक काळातले सर्वाधिक. अनेक राज्यांत बंदी असूनही बायका शेजारच्या राज्यात गेल्या किंवा त्यांनी गोळ्या मागवल्या.

मला वाटते, ग्रे यांची चूक आणि त्यांचे बळ एकाच जागी होते. अपवाद नाकारल्यामुळे मोर्चा पन्नास वर्षे विरला नाही. त्याच हट्टामुळे अपवाद मागणाऱ्या शेजाऱ्याशी कसे बोलायचे, हे तो शिकला नाही. हा शेजारी न्यायालयात मत देत नव्हता. सार्वमतात तो देतो.

‘डॉब्स’नंतर मोर्चा बंद होईल, असे अनेकांना वाटले होते. तो जानेवारी 2023 मध्ये पुन्हा निघाला आणि त्यानंतरही दरवर्षी निघतो आहे. पूर्वी तो न्यायालयापाशी संपत असे. आता मार्ग बदलून संसदेसमोरून जातो. अनेक राज्यांच्या राजधान्यांतही त्याच नावाचे मोर्चे निघू लागले आहेत.