लॉकडाऊन असो की नवा कायदा, अडचणीच्या काळात चेंबर ऑफ कॉमर्स नेमकं काय करतं?

२० एप्रिल २०२०. लॉकडाऊनला महिना होत आला होता. महापालिका हद्दीबाहेरच्या कारखान्यांना अटी पाळून काम सुरू करण्याची मुभा केंद्र सरकारने त्या दिवसापासून दिली. कागदावर हे सोपं होतं, पण पुण्याचा वाहनउद्योग हद्द बघून चालत नाही. गाडी चाकणला जोडली जाते, तिचा एखादा सुटा भाग भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये बनतो आणि तो बनवणारा कामगार तिसरीकडेच राहतो. यातला एक दुवा बंद असला, तरी पुढचं सगळं अडतं.

मोठ्या कंपनीकडे सरकारी आदेश वाचायला वकील असतात. दहा-पंधरा कामगारांचं वर्कशॉप चालवणाऱ्याकडे असतात एक सीए आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे पीडीएफ. पास कोणाला मिळतो, कंटेनमेंट झोनमधला कामगार येऊ शकतो का, हे त्याने विचारायचं कोणाला?

चेंबर म्हणजे सरकारी खातं नव्हे

व्यापारी आणि उद्योजकांनी वर्गणी भरून चालवलेली ही संस्था असते. मुंबईतलं बॉम्बे चेंबर १८३६ चं, तर पुण्यातलं मराठा चेंबर (एमसीसीआयए) १९३४ चं. एरवी निर्यातदारांना माल कोणत्या देशात तयार झाला याचा दाखला देणं, प्रशिक्षण घेणं, सरकारकडे निवेदनं पाठवणं अशी कामं चालतात. बाहेरच्यांना मात्र बहुतेक वेळा सत्कार समारंभाचे फोटोच दिसतात!

कोविडच्या काळात मराठा चेंबरने एक साधं काम नेमाने केलं. सभासद कंपन्यांना दर महिन्याला विचारलं, की उत्पादन कोविडपूर्व पातळीच्या किती टक्के आहे आणि किती टक्के कामगार कामावर आहेत. वरवर रटाळ वाटतं, पण खरी ताकद इथेच आहे. ‘उद्योग अडचणीत आहेत, मदत करा’ असं निवेदन कोणीही देतं आणि ते फायलीत जातं. कारखाने सुरू झाले, पण माणसं परतली नाहीत, असं आकड्यांत दाखवलं की अधिकाऱ्याला नेमकं काय करायचं ते कळतं. आणि ‘फक्त माझ्याकडेच ऑर्डर नाहीत का?’ या छोट्या उद्योजकाच्या प्रश्नालाही उत्तर मिळतं.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत चेंबरच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘पुणे प्लॅटफॉर्म फॉर कोविड रिस्पॉन्स’ने ‘मिशन वायू’ हाती घेतलं. सिंगापूरहून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि बायपॅप यंत्रं आणली गेली. खरेदी, विमान, कस्टम्स, वाटप हे सगळं उद्योगांच्या रोजच्या सवयीचं काम. ती सवय इथे कामी आली.

सभासदांमध्येच भांडण असेल तर?

इथे खरी कसोटी लागते. आयकर कायद्यात ४३बी(एच) ही तरतूद आली आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत चुकतं केलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच उत्पन्नातून वजा करता येतो. लेखी करार असेल तर मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५.

लहान पुरवठादारासाठी ही चांगली बातमी होती. तरीही, मोठे ग्राहक ऑर्डर दुसरीकडे नेतील या भीतीने काही व्यापारी संघटनांनीच अंमलबजावणी पुढे ढकलण्याची मागणी केली. पैसे अडकलेला आणि पैसे अडवणारा एकाच चेंबरचे सभासद असू शकतात. मग चेंबर कोणाची बाजू घेणार? वर्गणी मोठी भरणाऱ्याचा आवाज मोठा, असा संशय लहान सभासदाला येणं साहजिक आहे. त्यामुळे समितीत लघुउद्योजक किती आहेत, हे सभासद होण्याआधी पाहायलाच हवं.

थकलेल्या बिलासाठी चेंबरची वाट बघायची गरजही नाही. उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघू उद्योजक सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर थेट तक्रार करू शकतो. ग्राहक तुटेल या धास्तीने अनेक जण ती करत नाहीत. अशा वेळी एकट्याचं नाव पुढे न करता, पैसे किती जणांचे आणि किती दिवसांपासून अडकले आहेत याचा एकत्रित आकडा चेंबर जाहीर करू शकतं.